दुर्बिणीचा आकडा आणि मेंढ्याची शिंगं

गेल्या आठवड्यात भाच्याचा फोन आला. तो अलास्कात अँकरेजला असतो हे नेहमीच्या वाचकांना आणि सगळ्या नातेवाईकांना ठाऊक आहेच. येत्या ऑगस्टमध्ये तो ऑफिसातल्या एका मित्राबरोबर आठ-दहा दिवस डोंगरात चालला आहे, डॉल मेंढ्याच्या शिकारीला. आत्याबाईंनी लगेच दचकू नये. बंदूक मित्र धरणार आहे, हा फक्त दुर्बीण धरणार आहे. विचारत होता, "मामा, तुम्ही जुनी शिकारीची पुस्तकं एवढी वाचता, तर सांगा, दुर्बीण आठ पटीची घेऊ की दहा पटीची? दुकानदार तर पंधराची घ्या म्हणतोय."

मला शिकार आवडत नाही. हे इथे एकदाच सांगतो, पुन्हा पुन्हा सांगत बसणार नाही. पण प्रश्न मला आवडला, कारण त्याच्यामागे दीडशे-दोनशे वर्षांचा इतिहास आहे. आणि या बाबतीत 'फक्त दुर्बीण धरणारा' हा दिसतो तेवढा निरुपद्रवी प्राणी नाही. समोरच्या मेंढ्यावर गोळी झाडायची की नाही, हे तोच सांगणार असतो. ते का, ते पुढे येईलच.

आधी आकड्यांचं बघू. दुर्बिणीवर ८×४२ असं लिहिलेलं असतं. त्यातले आठ म्हणजे पट, आणि बेचाळीस म्हणजे पुढच्या मोठ्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. आठ पट म्हणजे ८०० मीटरवरचा मेंढा १०० मीटरवर असल्यासारखा दिसतो. बेचाळीसला आठाने भागलं की सव्वापाच येतात. डोळ्याशी पोचणाऱ्या प्रकाशाच्या झोताची ती जाडी, तीही मिलिमीटरमध्ये. तरुण माणसाची बाहुली अंधारात सात मिलिमीटरपर्यंत उघडते, आमच्या वयात ती जेमतेम चार-पाचपर्यंत जाते. (त्यामुळे मी नौदलाची ७×५० दुर्बीण घेतली तर तिचा निम्मा उजेड वायाच जाणार.) पट वाढले की तीन गोष्टी कमी होतात: उजेड, एका वेळी दिसणारा मुलूख आणि स्थिरपणा. यातली तिसरी लोक विसरतात. दुर्बीण मेंढ्याला दहा पट मोठा करते, तसाच हाताचा कंपही दहा पट मोठा करते. आणि हात कापतो तो काही फक्त म्हाताऱ्यांचाच नाही. हजार मीटर चढून आलेल्या पंचविशीतल्या पोराचाही कापतो.

आता इतिहास. 'दुर्बीण' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. दूर म्हणजे दूर, आणि बीन म्हणजे पाहणारा. उर्दूत सूक्ष्मदर्शकाला खुर्दबीन म्हणतात, तो तिचा धाकटा भाऊ. एकोणिसाव्या शतकात डोंगरात शिकारीला जाणाऱ्या माणसाजवळ यातल्या दोन जाती असायच्या. एक म्हणजे दोन आखूड नळ्या शेजारी जोडलेली साधी दुर्बीण, गॅलिलिओच्या पद्धतीची, पुढे बहिर्वक्र भिंग आणि डोळ्याशी अंतर्वक्र. नाटकगृहात बायका हातात धरायच्या तीच, जरा दणकट केलेली. तिची ताकद तीन-चार पट, फार तर पाच. त्याच्या पुढे गेलं की दिसणारा मुलूख एवढासा होतो की पाहण्यात अर्थ उरत नाही. दुसरी जात म्हणजे पितळेची, एकात एक सरकणाऱ्या नळ्यांची लांब दुर्बीण. ही वीस पटीच्या आसपास, किंवा थोडी जास्तच.

या लांब दुर्बिणीचे खरे उस्ताद म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगरातले हरणांचे रखवालदार. ती हातात उभी धरून काही दिसत नाही. म्हणून हे लोक चक्क पाठीवर झोपत, एक गुडघा वर करत, त्याला किंवा काठीला नळी टेकवत आणि समोरचा डोंगर ओळीओळीने वाचून काढत. आम्ही मुलांना उतारा वाचायला लावायचो ना, बोट ठेवून, एकही शब्द न गाळता, तसं. हे कसब एवढं मोलाचं होतं की १९०० साली बोअर युद्धासाठी लॉर्ड लोवॅटने याच लोकांची 'लोवॅट स्काउट्स' नावाची पलटण उभी केली आणि त्यांच्या दुर्बिणी तिथे कामाला आल्या.

डोंगरी मेंढ्यांशी इंग्रजांचा संबंध मात्र आपल्या बाजूने आला. १८३८ च्या फेब्रुवारीत लेफ्टनंट जॉन वुड हा ऑक्सस नदीचा उगम शोधत पामीरमधल्या सिर-इ-कोल तलावापर्यंत पोचला. हा कंपनी सरकारच्या 'इंडियन नेव्ही'तला माणूस, आणि त्या नेव्हीचं मुख्य ठाणं आपली मुंबई. मार्को पोलोने ज्या प्रचंड शिंगांच्या मेंढ्यांचं वर्णन केलं होतं त्यांची शिंगं वुडने परत आणली, आणि १८४१ मध्ये एडवर्ड ब्लाइदने त्या मेंढ्याला शास्त्रीय नाव दिलं, 'ओव्हिस पोली'. पुढे पन्नास-साठ वर्षं इंग्रज अधिकारी रजा काढून लडाख आणि तिबेटच्या सीमेकडे नायन, उरियल आणि भरल यांच्यामागे हिंडत राहिले. (भरल हा पुरता मेंढाही नाही आणि पुरता बोकडही नाही, पण तो वाद इथे नको.) त्यांची पुस्तकं वाचताना मला दोन गोष्टी पुन्हा पुन्हा भेटल्या. एक म्हणजे, साहेब पिशवीतून दुर्बीण काढेपर्यंत बरोबरच्या लडाखी शिकाऱ्याने नुसत्या डोळ्यांनी कळप पाहिलेला असतो. आणि दुसरी, जास्त महत्त्वाची: दोन्ही दुर्बिणी बरोबर ठेवा. आखूड दोन नळ्यांची शोधायला, लांब एका नळीची ओळखायला.

शोधणं आणि ओळखणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दोन्हींचे आकडे वेगळे. भाच्याचा प्रश्न निम्मा इथेच सुटतो. पण इतिहास इथे थांबत नाही, कारण मधली जागा रिकामीच होती. चार पट फार कमी आणि वीस पट हातात धरवत नाही. मधे आठ-दहा पटीचं, दोन्ही डोळ्यांनी पाहता येईल असं काही नव्हतं.

ती जागा भरली लोलकाने. इग्नाझिओ पोरो हा इटालियन तोफखान्यातला अधिकारी. दोन लोलकांमधून प्रकाशकिरण फिरवून उलटी प्रतिमा सुलटी करायची आणि लांब नळी घडी घातल्यासारखी आखूड करायची, ही त्याची युक्ती. १८५४ मध्ये त्याने पेटंट घेतलं. कल्पना उत्तम, पण त्या काळची काच तेवढी निर्मळ नव्हती आणि लोलकही तेवढे अचूक घासले जात नव्हते, त्यामुळे दुर्बीण काही चालली नाही. वीस वर्षांनी येना गावच्या अर्न्स्ट आबेला हीच कल्पना स्वतंत्रपणे सुचली, आणि तोही काचेपाशीच अडला. मग १८८४ मध्ये ओटो शॉटचा काचकारखाना येनामध्येच सुरू झाला. हवी तशी काच मिळू लागली आणि १८९४ मध्ये झाइस कंपनीने चार, सहा आणि आठ पटीच्या लोलकवाल्या दुर्बिणी विकायला काढल्या. आठ पटीचीचं पुढचं भिंग अवघं वीस मिलिमीटरचं होतं. वीस भागिले आठ, अडीच. म्हणजे संध्याकाळी ती निरुपयोगीच. पण दिवसाउजेडी, मांडी घालून बसून, कोपर गुडघ्यावर टेकवून आठ पट मोठं आणि दोन्ही डोळ्यांनी पाहता यावं, हे माणसाला पहिल्यांदाच मिळालं.

आता अलास्काकडे जाऊ. डॉल मेंढा पांढराशुभ्र असतो. १८८४ मध्ये त्याला विल्यम डॉल या निसर्गशास्त्रज्ञाचं नाव मिळालं. या मेंढ्यांच्या अभ्यासासाठी चार्ल्स शेल्डन नावाचा एक सधन गृहस्थ १९०६ मध्ये अलास्कातल्या डेनाली पर्वताच्या पायथ्याशी गेला. १९०७ मध्ये पुन्हा जाऊन टोक्लाट नदीकाठी लाकडी खोपटं बांधून त्याने तिथे अख्खा हिवाळा काढला. तो स्वतः शिकारी होता आणि संग्रहालयांसाठी नमुने मारत होता. पण बाकीचे दिवस तो मेंढ्या नुसत्या पाहत बसे, टिपणं लिहीत बसे. त्याला तिथे कळून चुकलं की खाणकामगारांच्या छावण्यांना मांस पुरवणारे धंदेवाईक शिकारी हा कळप संपवून टाकतील. परत जाऊन त्याने या मुलखाचं राष्ट्रीय उद्यान व्हावं म्हणून वर्षानुवर्षं खटपट केली, आणि १९१७ च्या फेब्रुवारीत ते झालं. मांस पुरवणाऱ्या त्या शिकाऱ्याला कसली दुर्बीण लागत होती? जवळपास कसलीच नाही. पांढरे ठिपके दिसले की वर चढायचं आणि समोर येईल ते मारायचं. मेंढी की मेंढा, दोन वर्षांचा की दहा, हा प्रश्नच नव्हता. आणि जिथे प्रश्न नाही तिथे भिंगाचं काय काम?

प्रश्न आला तो शिंगांमुळे. डोंगरी मेंढ्याची शिंगं हरणांच्या शाखादार शिंगांसारखी दरवर्षी गळत नाहीत, जन्मभर वाढत राहतात. हिवाळ्यात चारा नसतो, वाढ थांबते आणि तिथे एक खोल कडं उमटतं. म्हणजे झाडाच्या खोडातल्या वलयांसारखा हिशोब, पण बाहेरूनच वाचता येणारा. अॅडॉल्फ म्युरी या जीवशास्त्रज्ञाने १९३९ ते १९४१ या काळात याच उद्यानात लांडगे आणि मेंढ्या यांचा अभ्यास केला, तेव्हा मेलेल्या मेंढ्यांच्या ६०८ कवट्या गोळा करून त्यांची वयं या कड्यांवरून लावली. लांडग्यांच्या तावडीत मुख्यतः कोवळी आणि म्हातारी जनावरं सापडतात, भर वयातली क्वचित, हे त्यातून दिसलं. १९४४ मध्ये आलेलं त्याचं लांडग्यांवरचं पुस्तक आजही या विषयातला पाया मानतात.

शिकारीच्या कायद्यानेही हेच सूत्र धरलं. मेंढ्या नकोत, फक्त मेंढे. मेंढ्यांतही मोठे, ज्यांनी आपली पैदास करून झाली आहे असे. आणि मोठा कोणता हे शिंगाच्या वेढ्यावरून ठरवायचं. आधी पाऊण वेढा पुरत होता, मग सात-अष्टमांश लागू लागला आणि १९८९ पासून पुढे अलास्काच्या बहुतेक भागांत पूर्ण वेढा. म्हणजे बाजूने पाहिलं असता शिंगाच्या टोकाने पूर्ण वर्तुळ भरलेलं हवं. नाहीतर दोन्ही शिंगांची टोकं तुटलेली हवीत, नाहीतर वय किमान आठ वर्षं हवं, म्हणजे कडी मोजा! दरवेळी कायद्याने प्रश्न जरा बारीक केला आणि दरवेळी शिकाऱ्याच्या पाठीवरची काच जरा वजनदार झाली. दुर्बिणींचा इतिहास लिहिणारे नेहमी झाइस आणि युद्धं यांच्यावर लिहितात. मला मात्र वाटतं की डोंगरी मेंढ्यांच्या बाबतीत दुर्बिणीचे पट वाढवले ते कारखान्यांनी जेवढे, तेवढेच नियमांनी.

थोडा हिशोब करू. (गणिताच्या शिक्षकांनी हसू नये, आम्ही इतिहासवाले असे हिशोब हौसेने करतो.) चांगल्या डोळ्याला एक सेंटिमीटरचं अंतर सुमारे ३४ मीटरवरून जेमतेम सुटं दिसतं. म्हाताऱ्या मेंढ्याच्या शिंगावरची शेवटची कडी एकमेकांच्या फार जवळ असतात, कधी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरवर. आठ पटीच्या दुर्बिणीने ती सुटी दिसायला हवीत तर मेंढा २७० मीटरच्या आत हवा. दहाच्या दुर्बिणीने ३४० मीटर, पंधराच्या दुर्बिणीने ५१० मीटर. आणि हे सगळं हात दगडासारखा स्थिर, हवा निर्मळ आणि मेंढा फोटोला बसल्यासारखा उभा असेल तर. उतारावर २७० मीटरपर्यंत उघड्यावरून जाऊन मेंढा तुमची वाट बघत थांबत नाही. जुने शिकारी म्हणतात की मेंढ्याची नजर म्हणजेच आठ पटीची दुर्बीण. ते कुणी मोजून काढलेलं नाही, पण अनुभवाचं बोलणं आहे. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे हलणारी वस्तू त्याला फार लांबून आणि जवळपास सगळीकडून कळते. म्हणजे ओळखायचं काम ८०० मीटरवरून करायचं, तर वीस-पंचवीस पट तरी हवेतच. हा आकडा कुठे भेटला होता आठवतंय ना? पाठीवर झोपलेल्या स्कॉटिश रखवालदाराच्या गुडघ्यावर. आजची एकनळी दुर्बीण वीसपासून साठ पटीपर्यंत फिरवता येते, तिला तीन पायांची घोडी लागते, आणि घोडीसकट तिचं ओझं दोन-अडीच किलोच्या घरात जातं.

मग पंधराचं काय? दुकानदाराचा सल्ला खोटा नाही. कॅनडाकडचे आणि अमेरिकेच्या रॉकी पर्वतातले बिगहॉर्न मेंढे तपकिरी, स्टोन मेंढे करडे. दगडांत बसले की दगडच होतात. तिथे लोक पंधरा पटीची जोडदुर्बीण घोडीवर चढवून तासन्‌तास एकेक उतार विंचरतात. पण तिचं वजन सव्वा किलोच्या आसपास, हातात धरून तिचा उपयोग जवळपास शून्य, आणि शिंगावरची कडी मोजायला ती पुरत नाहीच. शिवाय डॉल मेंढा ऑगस्टमध्ये हिरव्या-करड्या उतारावर पांढरा दिसतो. दोन मैलांवरून तो 'काहीतरी पांढरं' म्हणून नुसत्या डोळ्यालाही कळतो. ते पांढरं म्हणजे मेंढा, बर्फाचा तुकडा की धोंडा, एवढंच ठरवायचं असतं. ते आठसुद्धा करते आणि दहा जरा लवकर करते. दुपारी खडक तापले की हवा तरंगायला लागते. मग जितके पट जास्त तितका मेंढा पाण्यात बुडाल्यासारखा हलतो, आणि तेव्हा वीस काय अन् साठ काय, काच मिटून डबा उघडावा हे बरं.

उरले आठ आणि दहा. आपल्याकडचे पक्षी पाहणारे बहुतेक आठ वापरतात आणि ते बरोबर आहे. झाडीत पक्षी क्षणभर दिसतो, तेव्हा मोठा मुलूख डोळ्यात हवा. जर्मनीत संध्याकाळी मचाणावर बसणारे ८×५६ घेतात, कारण त्यांना शेवटचा उजेड टिपायचा असतो. अलास्कात यातलं काहीच नाही. झाडी नाही, डोंगर उघडे. ऑगस्टमध्ये दिवस लांब आणि संधिप्रकाश तर संपता संपत नाही. पाहायचं ते बसून, कोपर टेकवून. दहाचे जे तोटे इतरत्र बोचतात ते इथे निम्मे होतात. पूर्वी दहा पटीच्या दुर्बिणीत चित्र काळवंडायचं, कारण साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरतो. लोलकवाल्या दुर्बिणीत असे दहा पृष्ठभाग धरले तर एक-तृतीयांश उजेड वाटेतच जायचा. १९३५ मध्ये झाइसच्या अलेक्झांडर स्माकुलाने भिंगावर पातळ लेप देण्याची रीत काढली. युद्ध संपल्यावर ती सगळीकडे पसरली आणि दहा पट सर्वसामान्य माणसाच्या गळ्यात आली. म्हणून मी भाच्याला सांगितलं, १०×४२ घे, पाऊण किलोच्या आतबाहेर मिळेल. पंधराची दुकानातच राहू दे. वाचलेलं वजन एकनळीसाठी ठेव आणि ती मित्राच्या पाठीवर दे, कारण बंदूक त्याची आहे. हात फारच कापत असतील तर आठ घेतलीस तरी मेंढा चुकणार नाही. पण ओळखताना घाई करायची नाही. शंका असेल तर तोंडातून 'हो' काढायचा नाही.

हे मी उगाच वडीलकीने सांगितलं नाही. गेल्या काही वर्षांत कडक हिवाळे आणि बर्फावर पडणारा पाऊस यांनी अलास्कातल्या डॉल मेंढ्यांची संख्या बरीच खाली आली आहे. बर्फावर कडक साय धरली की खालचा पाला त्यांना खुराने उकरता येत नाही. अशा वेळी उरलेल्या कळपातला सहा वर्षांचा मेंढा आणि नऊ वर्षांचा मेंढा यांतला फरक हा नुसता कागदावरचा राहत नाही.

शिकार झाल्यावर तिथे आणखी एक पायरी असते. मांस तर खाली आणावंच लागतं, ते टाकून येणं गुन्हा आहे. शिंगंही तीस दिवसांच्या आत वन्यजीव खात्याच्या कचेरीत न्यावी लागतात. तिथे टेबलावर शिंगं ठेवली जातात, वेढा तपासला जातो, आणि खात्याचा माणूस शिंगावरून बोट फिरवत कडी मोजतो, एक, दोन, तीन... तिथे दुर्बीण लागत नाही. सगळं नियमात असलं तर शिंगात क्रमांक असलेली छोटी खूण बसवून ती परत देतात. वेढा अपुरा, टोकं शाबूत आणि कडी सातच भरली, तर शिंगं खात्याकडेच राहतात.